गुलाबापाशी उजवीकडे

शिवणयंत्र खिडकीला लावलंय ते उजेडासाठी, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं कारण खाली होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून इमारतींच्या मधोमध पसरलेली बाग दिसायची, आणि बागेतून चालणारे तिचे सासरे दिसायचे.

सासऱ्यांनी जन्मभर बस चालवली होती. शहराचा कानाकोपरा पायाखालचा, खरं तर चाकाखालचा. आता मात्र डोक्यातले रस्ते एकेक करून पुसले जात होते. आधी बाजाराचा रस्ता गेला. मग दवाखान्याचा गेला. मुलाचं नाव पाहुण्यासारखं यायचं, बसायचं, निघून जायचं. सुनेचं तर गेलं ते गेलंच. उरली होती एकच वाट. जिना उतरायचा, फाटकातून बागेत शिरायचं, हेडबाईंच्या गुलाबापाशी उजवीकडे वळायचं, रंगाऱ्याच्या घेवड्याच्या मांडवाखालून वाकून जायचं, नळापाशी झारी भरायची आणि समोर आपला वाफा. पाणी घालायचं, तण उपटायचं, टोमॅटोच्या रोपांशी दोन शब्द बोलायचे, आणि त्याच वाटेने परत. ना कुणाचा हात धरायचा, ना कुणाला विचारायचं.

फाटकाशी आले की ते थांबत आणि मान वर करून खिडकीकडे बघत. ती हातातली कात्री गजावर आपटे. टण् टण्. डबल बेल. म्हातारा हात उंचावून आत शिरे.

"कंडक्टर जागी आहे," भेटेल त्याला ते सांगत. सुनेचं नाव हरवलं होतं, पण हुद्दा त्यांनी दिला होता.

ती यंत्र चालवत राही, डोळे मात्र खाली. ओठांवर कधीतरी आपोआप दोन ओळी येत. कुणी शिकवलेल्या नव्हत्या. चाकाच्या लयीत आपल्या आपण जुळलेल्या.

सुईमागं दोरा जाई, दोऱ्यामागं माझा जीव,
खाली चालले सासरे, वाटे, येऊ दे गं कीव.

मग एके दिवशी फाटकावर फलक लागला. वर मोठं चित्र, त्यात एक उंच इमारत आणि तिच्या पायाशी हसणारी माणसं, इतकी गोरीगोमटी आणि इतकी रिकामटेकडी की ती इथली नव्हतीच. चित्राखाली बारीक अक्षरं. गुरुवारी सकाळी कचेरीतून माणूस जागा बघायला येणार. जागा रहिवाशांच्या वापरात आहे असं दिसलं, तर आधी रहिवाशांचं म्हणणं ऐकलं जाईल. पडीक दिसली, तर काम सुरू होईल.

तिने नवऱ्याला फोन केला. तो परगावी गोदामावर कामाला होता, रविवारचा घरी यायचा.

"बाग गेली तर बाबा कुठे जातील?"

"कुठे जायचंय? बसतील घरात."

"बसणारा माणूस आहे का तो?"

पलीकडे पोती टाकल्याचा धप्प आवाज आला. मग तो म्हणाला, "हे बघ, रस्त्यावर तर सोडता येत नाही. तू यंत्रावर बसलीस की लक्ष कोण ठेवणार? बाहेरच्या खोलीच्या दाराला कडी लावत जा."

"बाहेरून?"

"बाहेरूनच ना. जुनी आहे, गंजली असेल. येताना तेल आणतो."

फोन ठेवून ती त्या दाराशी गेली. कडीवर रंगाचे थरावर थर बसले होते. तिने अंगठ्याने ढकलून पाहिली. कडी हलली नाही. तिला केवढं बरं वाटलं. आणि मग तेल आठवलं.

त्याच संध्याकाळी ती दारोदार निघाली.

पहिलं दार हेडबाईंचं, समोरच्या इमारतीत. शाळेतून निवृत्त होऊन जमाना लोटला, पण जिन्यात त्यांची चप्पल वाजली की अजूनही मोठी माणसं विडी लपवत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "तो रंगारी येणार आहे का?"

"सगळेच येणार आहेत, बाई."

"मग माझं काय काम? त्याच्या घेवड्याची सावली माझ्या गुलाबावर पडते. किती वेळा सांगितलं, मांडव चार हात मागे घे. आधी त्याचा निकाल लावा, मग बाग वाचवा."

"बाई, बागच राहिली नाही तर सावली पडणार कशावर?"

"हा मुद्दा बरोबर आहे," हेडबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

रंगारी तिथेच दुसऱ्या मजल्यावर राहायचा. कोपरापर्यंत पिवळा रंग, बोलणं मात्र साखरेचं. "टेलरताई, तुम्ही फक्त पुढे व्हा. आम्ही मागे आहोतच."

"अहो दादा, मघापासून इतके जण माझ्या मागे उभे राहिलेत, की पुढे कुणी दिसतच नाही."

"काय बोलता ताई, लाख बोललात," असं म्हणून तो पोटभर हसला. जणू तिने विनोदच केला होता.

तळमजल्यावर नर्सबाई. तिचा पुदिना नळाच्या ओलीत माजलेला असायचा आणि ती स्वतः कायम झोपेत. दाराला टेकून डोळे मिटूनच म्हणाली, "सही कुठे करू?"

"सही नको. गुरुवारी सकाळी माणूस हवा खाली."

"माणूस ड्युटीवरून येऊन झोपलेला असेल, ताई."

"तासभर उशिरा झोप."

"हे तुम्ही डॉक्टरांना सांगून बघा एकदा," नर्सबाई म्हणाली. पण हो म्हणाली. निदान नाही तरी म्हणाली नाही.

मंगळवारी जिन्याच्या रुंद पायरीवर सभा भरली. भरली म्हणायची इतकंच. कुणी खुर्ची आणली, कुणी आणली नाही म्हणून कुणी रुसलं. गुरुवारी कोणी काय बोलायचं, किती वाजता जमायचं, हे ठरवायला सगळे आले होते. पहिला विषय निघाला पाण्याच्या पाइपाचा. तो गेल्या उन्हाळ्यात कुणी कापला? पाइपावरून गाडी सावलीवर गेली, सावलीवरून वाफ्याच्या हद्दीवर, हद्दीवरून रंगाऱ्याच्या मेहुण्यावर, ज्याचा बागेशी काडीचा संबंध नव्हता. ती मध्येमध्ये "गुरुवारचं बोला ना" म्हणत राहिली. गर्दीच्या बसमध्ये उतरायचंय म्हणून ओरडावं आणि बसने थांबाच गाळावा, तसं झालं तिचं.

शेवटी रंगारी एकदम गंभीर झाला. "मी सांगू का खरं? पलीकडे एका कामावर मी रंगाला होतो. तिथेही असाच माणूस बघायला येणार होता. आधी मशीन आलं. माणूस नंतर आला, आणि जमीन सपाट बघून गेला."

खुर्च्या पुढे सरकल्या.

"मशीन?" नर्सबाईचे डोळे पहिल्यांदा पूर्ण उघडले.

"लोखंडी दात असलेलं. आंब्याचं झाड, मुळासकट. मी डोळ्यांनी पाहिलं."

"माझा गुलाब आईच्या दारातला आहे," हेडबाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "तिच्या हातची फांदी. ती मशीनखाली गेलेली मी बघणार नाही."

"म्हणूनच तर म्हणतेय मी," ती कळवळून म्हणाली, "गुरुवारी सगळे खाली उभे राहिलो तर..."

पण आता सगळे एकदम बोलत होते. मशीन केवढं असतं, आवाज केवढा होतो, फाटक किती रुंद लागतं. गुरुवार बिचारा कोपऱ्यात पडून राहिला. तिच्या डोक्यात तिडीक गेली. मांडीवरची टेप, खिशातली टाचणी, सगळं आवरून ती उठली.

"झालं ना? मग जा, आपापलं सांभाळा! मी माझं बघते."

आणि पायऱ्या आपटत वर निघून गेली. मागे पुन्हा पाइपाचा विषय निघालेला तिला ऐकू आला.

बुधवारी ती दिवसभर शाळेच्या गणवेशांची बटणं लावत बसली. गुरुवारची सकाळ मोकळी हवी होती. कुणी येवो न येवो, आपण आणि बाबा दोघंच उभे राहू, असं तिने मनाशी ठरवलं होतं. उन्हं कलली तसा खालून फावड्याचा आवाज आला. तिने सुई थांबवली आणि डोकावली.

बागेत माणसं होती!

हेडबाई पदर खोचून गुलाबाशी वाकलेल्या. रंगारी आणि त्याची बायको मांडवाशी. नर्सबाई, तीही, झोपायच्या गाऊनवरच, बादली घेऊन नळाशी. इतरही वाकलेल्या पाठी. अंधुक उजेडात नीट काही कळत नव्हतं, पण खुरपी चालत होती, बादल्या जात-येत होत्या, आणि कुणीच भांडत नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

तिला वाटलं, रागावून बोलले ते लागलं वाटतं बिचाऱ्यांना. साफसफाई करताहेत उद्यासाठी. आळी करताहेत, खत देताहेत. खाली जावं, सगळ्यांना चहा द्यावा असंही वाटलं, पण अजून ढीगभर बटणं राहिली होती. ती परत बसली. यंत्र त्या संध्याकाळी पाण्यासारखं चाललं.

गुरुवारी सकाळी तिने सासऱ्यांना इस्त्रीचा सदरा घातला.

"आज साहेब येणार का तपासणीला?" त्यांनी विचारलं.

"येणार. तुम्ही नेहमीसारखं जायचं. मी आलेच मागून."

"टायमात निघणार गाडी," ते म्हणाले आणि जिना उतरले.

ती खिडकीशी गेली. फाटकाशी येऊन त्यांनी मान वर केली. तिने त्यांच्याकडे बघतच कात्री गजावर आपटली. टण् टण्. हात उंचावून ते आत शिरले, आणि मग तिची नजर त्यांच्यापुढे गेली.

बाग नव्हती.

खड्डे होते. जिथे गुलाब होता तिथे खड्डा. जिथे मांडव होता तिथे चार भोकं आणि तुटलेली सुतळी. नळाशी पुदिन्याची जागा खरवडून काढलेली. सगळीकडे उपसलेली माती आणि मुळांचे धागे. मशीन आलं, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिने समोरच्या इमारतींकडे पाहिलं.

गॅलऱ्या हिरव्यागार झाल्या होत्या. हेडबाईंच्या कठड्यावर रंगाच्या डब्यात गुलाब. रंगाऱ्याच्या गॅलरीत मांडवाचे बांबू तारेने आवळून बांधलेले, घेवडा कपड्यांच्या दोरीवर लोंबतोय. नर्सबाईच्या खिडकीत पुदिन्याची बादली. पातेल्यात, पिंपात, फुटक्या बेसिनमध्ये, जिथे तिथे बाग. प्रत्येकाने आपापलं सांभाळलं होतं. अगदी जीव लावून सांभाळलं होतं.

आणि खाली सासरे उभे होते. जिथे उजवीकडे वळायचं, तिथे वळायला काही नव्हतं. ते दोन पावलं पुढे गेले, मागे आले, डावीकडे फिरले. झारी या हातातून त्या हातात घेतली. मग लहान मूल आईचा हात सुटल्यावर उभं राहतं, तसे उभे राहिले.

ती जिना कशी उतरली तिला आठवत नाही.

फाटकाशी ती आणि पाहणीचा माणूस एकदमच पोहोचले. तरुण होता, सभ्य होता, घाईत होता. त्याने मोबाइल काढून खड्ड्यांचे फोटो घ्यायला सुरुवातही केली.

"अहो थांबा, थांबा! ही बाग आहे."

त्याने नजर फिरवली. "कुठे?"

"कालपर्यंत होती. लोकांनी काढून घरी नेली. मशीन येईल म्हणून भीतीने. ते बघा वर, ती बघा."

त्याने वर पाहिलं. खरंच पाहिलं, बिचाऱ्याने. "बाई, मला जागेचं लिहायचंय. गॅलऱ्या जागेत येत नाहीत. मला दिसतं ते लिहावं लागतं."

"त्या कोपऱ्यात एक वाफा आहे ना! टोमॅटो आहेत."

"एक वाफा," तो म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

वरून हाळी आली. "टेलरताई, आलं का हो मशीन?"

रंगारी होता. घेवड्याच्या पानांतून फक्त डोकं बाहेर. हळूहळू इतर डोकीही उगवली, गुलाबामागून, पिंपामागून. सगळ्यांचे चेहरे कसे काळजीने भरलेले! तिच्या आत काहीतरी तटकन तुटलं.

"या ना खाली!" ती ओरडली. "या, बघा तुमचं मशीन! काय लोखंडी दात लागतात? तुमचे हात पुरले की! आज एक दिवस, एक सकाळ माती जागेवर राहू द्यायची होती. पाइपासाठी भांडता, सावलीसाठी भांडता, हाताएवढ्या जागेसाठी एकमेकांची तोंडं बघत नाही, आणि जागा वाचवायची वेळ आली तर बादली घेऊन पळता?"

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, आपापलं..." रंगारी सुरू झाला.

"म्हणाले! चिडून म्हणाले! मी आजवर तुम्हाला कितीतरी शहाण्या गोष्टी सांगितल्या, त्यातली एक नाही ऐकली. ऐकायची ती हीच मिळाली तुम्हाला?"

पाहणीचा माणूस अवघडून घड्याळ बघू लागला. तेवढ्यात मागून आवाज आला. चढा नव्हता, पण बस भरलेली असली तरी शेवटच्या सीटपर्यंत जाणारा ड्रायव्हरचा आवाज.

"कंडक्टर, स्टॉप कुठे गेला?"

ती वळली. सासरे त्याच जागी होते. इस्त्रीच्या सदऱ्यावर झारीचं पाणी सांडलेलं.

"गाडी उभी कुठे करू? गुलाब लागला नाही अजून."

ती त्यांच्याजवळ गेली, हात धरला. त्यांनी हळूच सोडवून घेतला. हात धरून चालायची त्यांना सवय नव्हती. ती तशीच उभी राहिली. तिला दाराची कडी दिसत होती, आणि रविवारी येणारी तेलाची बाटली.

वर दार वाजलं. जिन्यात चप्पल वाजली, ओळखीची. हेडबाई खाली आल्या, दोन्ही हातांनी रंगाचा डबा पोटाशी धरून. गुलाबाचे काटे पदरात अडकलेले, एक ओरखडा गालावर. त्या कुणाशी बोलल्या नाहीत. खड्ड्याशी गुडघे टेकले, डबा आडवा केला आणि गुलाब उतरवला.

सासरे बघत होते. "थोडा अलीकडे," ते म्हणाले.

"काय?"

"स्टॉप अलीकडे होता."

हेडबाईंनी आयुष्यात कुणाचं ऐकून एक ओळ खोडली नव्हती. त्यांनी माती पुन्हा उकरली, गुलाब बोटभर अलीकडे सरकवला आणि वर बघितलं. "आता?"

ते उजवीकडे वळले. तीनच पावलं, आणि पुन्हा थांबले. इथे वाकायचं होतं, आणि वाकायला मांडव नव्हता.

"रंगारी!" हेडबाई गरजल्या. "वर काय करतोस? मांडव आण!"

"बाई, तारेने आवळलाय! पक्कड सापडत नाही!"

"मग तू ये!"

तो आला. दोरीवरून ओरबाडलेला घेवडा खांद्यावर, पायात एकच चप्पल. चार भोकांच्या मधोमध उभा राहिला, काय करावं ते न कळून दोन्ही हात वर केले, आणि वेल हातांवर टाकून घेतला. कोपरापर्यंत पिवळा रंग, त्यावर हिरवी पानं. पाहणीच्या माणसाने विचारलं, "हे काय?"

"मांडव," रंगारी मान न हलवता म्हणाला.

सासऱ्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग रोजच्यासारखे वाकले आणि त्याच्या हाताखालून पलीकडे गेले.

नर्सबाई डोळे चोळत बादली घेऊन नळाशी पोहोचली होती. आणखी कुणीकुणी उतरत होते. सगळे नाही. बऱ्याच गॅलऱ्या तशाच हिरव्या राहिल्या, आणि एका खिडकीचा पडदा तर तिच्या डोळ्यांदेखत सरकला. जे आले त्यांनी खाली येता येताच भांडण काढलं. हा खड्डा तुझा की माझा? माझी माती कुणी घेतली? कालपर्यंतची हद्द आता कोण सांगणार?

पाहणीच्या माणसाने बराच वेळ बोट मोबाइलवर तसंच धरून ठेवलं. मग त्याने आणखी दोनतीन फोटो घेतले. मान टाकलेला गुलाब, हात वर केलेला माणूस, कोपऱ्यातला वाफा.

"पाहणी अपुरी राहिली असं लिहितो," तो तिला म्हणाला. "पुढच्या आठवड्यात परत यावं लागेल. पण बाई, तेव्हा खड्डे दिसले तर मी खड्डेच लिहीन."

"लिहा," ती म्हणाली. आभार मानायचं तिला सुचलं नाही, आणि खरं तर मानावेसेही वाटले नाहीत. कुणाचेच.

गुलाब जगेल असं काही दिसत नव्हतं. मुळं कालच्या घाईत तुटली होती. पुदिना तग धरेल. त्याला मरण माहीत नाही. घेवड्याची फुलं गळून पायाखाली आली होती.

"टेलरताई," रंगारी कुजबुजला, "हात भरून आले हो. किती वेळ?"

"बाबा परत येईपर्यंत."

"आणि उद्या?"

"उद्या पक्कड शोधा."

पलीकडे सासऱ्यांनी झारी भरली. वाफ्यापाशी गेले, टोमॅटोशी दोन शब्द बोलले, एक गवताची काडी उपटून खिशात टाकली. मग परतायला वळले आणि सवयीने मान वर करून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकी रिकामी होती. ते थांबले.

तिच्या हातात कात्री नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं, हेडबाईंच्या हातातलं खुरपं जवळजवळ हिसकावून घेतलं, आणि फाटकाच्या लोखंडावर, त्या हसऱ्या माणसांच्या फलकाशेजारी, दोनदा आपटलं.